थळ घाट ते सरळांबे : नुकसानभरपाईच्या हक्काची हकीगत

आपल्या शहापूर तालुक्यातून मुंबईने काय काय नेले याची यादी करावयास बसलो तर ती लांबेल. तानसाचे धरण १८९२ मध्ये पुरे झाले, मोडकसागर १९५७ मध्ये, त्यानंतर भातसा. त्यांच्याही आधी रेल्वे आली होती, पुढे नाशिकचा हमरस्ता रुंदावला आणि आता समृद्धी महामार्ग झाला. मोडकसागराला ते बांधविणाऱ्या इंजिनिअर मोडकांचे नाव आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु ही कामे करताना ज्यांचे हातपाय मोडले, जे कड्यावरून खाली गेले, त्यांच्या घरी पुढे चूल कशी पेटली, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही हाच सांगितला. विषय रूक्ष आहे, त्यात कलमे आणि टक्के येतात. पण श्रोत्यांनी थोडा धीर धरावा, कारण या टक्क्यांत माणसाची बोटे मोजलेली आहेत.

प्रारंभ घाटापासून करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी गाडी धावली हे शाळेतले मूलही सांगते. तीच लोखंडी वाट पुढे कल्याण, वासिंद, आसनगाव करीत १८६१ मध्ये कसाऱ्यास पोहोचली. कसाऱ्यापुढे सह्याद्री उभा. तेथून इगतपुरी नकाशावर हाताच्या अंतरावर दिसते, पण तेवढे अंतर कापून गाडी वर जाण्यास १८६५ साल उजाडावे लागले. सदतीस फूट चालल्यावर एक फूट चढ, असा तो थळ घाट. खडक फोडण्यास सुरुंगाची दारू आणि छिन्नी, माती वाहण्यास डोक्यावरची पाटी. बोरघाटात आणि थळ घाटात मिळून हजारो माणसे कामाला लागली होती. काही सुरुंगात गेली, काही दोर तुटून दरीत गेली, आणि पटकीची साथ आली की तळच्या तळ रिकामे झाले.

या कामाची रचना कशी होती ते ध्यानात घ्यावयास हवे, कारण पुढे सारा घोळ तेथूनच सुरू होतो. रेल्वे कंपनी इंग्लंडातली. तिने काम दिले ते इंग्रज ठेकेदाराला. ठेकेदाराने तुकडे पाडून ते खालच्या ठेकेदारांना दिले. त्यांच्या हाताखाली मुकादम, आणि मुकादमाने गावोगावहून आणलेली टोळी. मजुराला ठाऊक असे तो मुकादम. कंपनीला ठाऊक असे तो ठेकेदार. मधल्या पायऱ्यांवर कोण कोणाचा, हे त्या टोळीतल्या माणसाला शेवटपर्यंत कळत नसे आणि वरच्याला कळून घेण्याची गरज नसे.

त्या वेळी कायदा मुळीच नव्हता असे मात्र नाही. १८५५ साली एक कायदा झाला होता. दुसऱ्याच्या चुकीमुळे माणूस मेला तर त्याची बायको, मुले, आईबाप यांच्यासाठी दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येई. तो आजही पुस्तकात आहे. पण घाटात मेलेल्या बिगाऱ्याच्या बायकोने दिवाणी न्यायालयात जाऊन ठेकेदाराची चूक सिद्ध करावयाची, ही कल्पना करून पाहा. चार वर्षांनी, १८५९ मध्ये, दुसरा एक कायदा झाला. उचल घेऊन काम सोडून जाणाऱ्या कारागिराला वा मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करून कामावर परत पाठविण्याची, आणि न गेल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची त्यात तरतूद होती. म्हणजे मजुराने मालकाचे दहा रुपये बुडविले तर तुरुंग, आणि मालकाच्या कामात मजुराचा हात बुडाला तर दिवाणी दावा. हा १८५९ चा कायदा १९२६ पर्यंत जिवंत होता. वीटभट्टीवर जाणाऱ्या आमच्या कातकरी कुटुंबांना आजही बयाणा देऊन बांधून ठेवतात. तेव्हा तो कायदा मेला खरा, पण त्याचे भूत भट्टीवर राहते, असे आम्ही कधीकधी विनोदाने म्हणतो. विनोद फारसा चांगला नाही.

इंग्लंडातही त्या काळी मजुराची स्थिती याहून फार बरी नव्हती. १८३७ साली तेथील एका खाटकाच्या नोकराचा खटला गाजला. मालकाच्या सांगण्यावरून तो मालाच्या गाडीबरोबर गेला. गाडीत वाजवीपेक्षा जास्त ओझे भरलेले. गाडी मोडली आणि पोराची मांडी मोडली. न्यायालयाने सांगितले की मालक जबाबदार नाही. या निकालातून पुढे असा नियम निघाला की सोबतच्या कामगाराच्या हातून इजा झाली तर तो धोका कामाला लागतानाच पत्करलेला असतो. गिरणीत, खाणीत, रेल्वेवर तर जवळजवळ प्रत्येक अपघातात कोणा ना कोणा सोबत्याचा हात असतोच. त्यामुळे मालक नेहमी मोकळा. पुढची साठ वर्षे तेथल्या कामगारांचे भांडण या एका प्रश्नाशी होते : चूक कोणाची?

आता आपल्याकडे येऊ. १८८१ मध्ये हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. धोक्याच्या यंत्राला कुंपण घालावे, अपघात झाला तर कळवावे, सात वर्षांखालचे मूल कामाला लावू नये, एवढे त्यात होते. शंभरांपेक्षा कमी माणसांच्या कारखान्यास तोही लागू नव्हता. अपघात झालेल्या माणसाला काही द्यावे, हा शब्द त्यात नाही. तो शब्द उच्चारला नारायण मेघाजी लोखंडे यांनी.

लोखंड्यांचा जन्म १८४८ चा, आणि तो आपल्या ठाण्याचा. हे ठाणेकरांनाही पुष्कळदा सांगावे लागते. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. रविवारची सुट्टी त्यांनी मिळवून दिली हे सर्वांना माहीत असते. १० जून १८९० पासून ती मुंबईच्या गिरण्यांत सुरू झाली. पण सप्टेंबर १८८४ मध्ये परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज त्या वेळच्या फॅक्टरी कमिशनसाठी तयार झाला, त्यात मागण्या पाच होत्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, या चार. पाचवी अशी : गिरणीत काम करताना कामगारास गंभीर इजा झाली तर बरा होईपर्यंत त्यास पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या उपजीविकेची योग्य सोय व्हावी.

या पाचव्या मागणीकडे नीट पाहा. तिच्यात चूक कोणाची हे विचारलेलेच नाही. इजा काम करताना झाली, एवढे पुरे. त्याच वर्षी, म्हणजे जुलै १८८४ मध्ये, जर्मनीत बिस्मार्कने अपघात विम्याचा कायदा केला, त्याचे तत्त्व नेमके हेच होते. बिस्मार्कच्या पाठीशी साम्राज्य होते. लोखंड्यांच्या पाठीशी अंगठे आणि सह्या. इंग्लंडने हे तत्त्व १८९७ मध्ये स्वीकारले, आणि त्याच वर्षी ९ फेब्रुवारीस लोखंडे मुंबईच्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता वारले. पाचवी मागणी तशीच राहिली.

ती कायद्यात उतरण्यास एकोणचाळीस वर्षे लागली. कामगार नुकसानभरपाई कायदा मार्च १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. दरम्यान पहिले महायुद्ध होऊन गेले, गिरण्यांत संप झाले, १९२० मध्ये आयटक निघाली. दिल्लीच्या विधिमंडळात तेव्हा कामगारांच्या बाजूने बोलण्यास ना. म. जोशी होते. तेही आपल्या कोकणातलेच, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. कायदा सरकारने केला हे खरे. तथापि बाहेर संपाची धग नसती तर तो आणखी किती वर्षे कपाटात पडून राहिला असता, हे सांगता येत नाही.

कायद्याने मोठी गोष्ट केली ती ही की चूक कोणाची हा प्रश्न काढून टाकला. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला की मालकाने भरपाई द्यावी. कामगार दारूच्या नशेत होता, किंवा त्याने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला, एवढ्याच काही सबबी मालकाला ठेवल्या. पण भरपाई किती? माणूस मेला तर तीस महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांतील कमी असेल ते. पुरता निकामी झाला तर बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, पुन्हा कमी असेल ते. मेलेल्यापेक्षा जिवंत अपंगाला जास्त, कारण मेलेला खात नाही. हिशेब निर्दय असला तरी चुकीचा म्हणता येत नाही.

मग अवयवांचा तक्ता. उजवा हात कोपराच्या वर गेला तर सत्तर टक्के, डावा तसाच गेला तर साठ. पाय गुडघ्याच्या वर साठ, खाली पन्नास. दोन्ही कान गेले तर पन्नास. एक डोळा तीस. अंगठा पंचवीस, तर्जनी दहा, इतर कोणतेही बोट पाच. महिना वीस रुपये मिळविणाऱ्या माणसाची तर्जनी तुटली तर बेचाळीस महिन्यांचे ८४० रुपये, त्याचे दहा टक्के, म्हणजे ८४ रुपये. पुढे तक्ता सुधारला. अंगठ्याचे तीस टक्के झाले, तर्जनीचे चौदा, एका हाताची चारही बोटे गेली तर पन्नास. आम्ही हा तक्ता प्रथम वाचला तेव्हा आमच्या मनात आले की याला माणसाची खाटीकखान्यातली किंमत का म्हणू नये? पण पुष्कळ वर्षे काम केल्यावर मत बदलले. तक्ता नसता तर प्रत्येक बोटासाठी मालकाशी घासाघीस करावी लागली असती, आणि त्या बाजारात आमचा माणूस पाच टक्क्यांवरही उभा राहिला नसता.

तक्ता हा शेवटचा शब्द नव्हे, हेही न्यायालयांनी दाखवून दिले. ओरिसात सिनेमागृहाच्या बांधकामावर काम करणारा एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालक म्हणे, तक्त्याप्रमाणे टक्के मोजा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये निकाल दिला की एका हाताने सुतारकाम होत नाही, सबब त्याची कमाईची शक्ती शंभर टक्के गेली. याच निकालात आणखी एक गोष्ट आहे आणि ती प्रत्येक कामगाराने पाठ करावी : भरपाई देणे लागते ते अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या दिवसापासून नव्हे.

रकमेचा हिशेबही बदलत गेला. १९८४ मध्ये, म्हणजे लोखंड्यांच्या अर्जाला शंभर वर्षे होताना, कामगाराच्या वयाप्रमाणे गुणक आला. तरुण माणसाची पुढची कमाई जास्त, म्हणून त्याचा गुणक मोठा. १९९५ मध्ये मृत्यूसाठी पगाराचे पन्नास टक्के आणि पुरत्या अपंगत्वासाठी साठ टक्के धरून त्याला गुणकाने गुणावे, असे ठरले. दावा करण्याची मुदत मुळात सहा महिन्यांची होती, ती दोन वर्षांपर्यंत वाढली.

येथवरची हकीगत प्रगतीचीच आहे. पण जुना प्रश्न दारातून घालवला तो खिडकीतून दुसरे रूप घेऊन आला. चूक कोणाची हे आता कोणी विचारीत नाही. आता विचारतात, माणूस कोणाचा? आणि या प्रश्नाच्या उत्तरापाशी शहापूर-मुरबाडचे बहुतेक दावे अडकतात. भरपाईसाठी तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : हा त्यांचा कामगार होता, अपघात कामात झाला, आणि पगार इतका होता. हजेरीपत्रकावर नाव असेल तर तिन्ही एका कागदात मिळतात. नाव नसेल तर तिन्ही हवेत. १९२३ च्या कायद्याने नैमित्तिक कामगाराला, म्हणजे मालकाच्या धंद्याबाहेरच्या किरकोळ कामास अधूनमधून लावलेल्याला, बाहेरच ठेवले होते. हा अडसर २००० साली निघाला. पण हजेरी न लिहिण्याची रीत निघाली नाही.

याचे उदाहरण आमच्याच कामातले देतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. १९९७ सालची गोष्ट. मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावरचा बावीस वर्षांचा मुलगा पॉवर प्रेसवर काम करीत होता, महिना पंधराशे रुपयांवर. तेथे राज्य विमा योजना लागू नव्हती. प्रेस दोनदा बसला आणि उजव्या हाताची चार बोटे गेली. ठेकेदार वाईट माणूस नव्हता. त्याने दवाखान्याचे बिल भरले, दोन महिने घरी तांदूळ पोहोचविला, आणि एके दिवशी कोऱ्या कागदावर मुलाचा अंगठा घेतला. मुलगा सातवी शिकलेला, सही करणारा. पण सही करणारी बोटे गेली होती, अंगठा तेवढा उरला होता, म्हणून तो घेतला.

त्याची आई आमच्याकडे आली. म्हणाली, “भाऊ, पोराची बोटं गेली ती गेली. पन मालक म्हनतो हा आमचा मानूसच नाय. मंग सहा महिने तिथं कोन जात व्हता?”

आम्ही वकील नव्हतो, नाही. पण नोंदलेल्या युनियनच्या अधिकाऱ्याला अशा दाव्यात उभे राहता येई, तेवढ्या जोरावर उभे राहिलो. सुनावणी ठाण्याला. मुरबाडास रेल्वे नाही, एस.टी.ने कल्याण, तेथून लोकल, आणि तारीख पडली की तसेच परत. साक्षीदाराचा त्या दिवसाचा खाडा आमच्या खिशातून. हजेरीपत्रकावर नाव नव्हतेच. दावा टिकला तो सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर. पहिल्या रात्री ड्यूटीवरच्या डॉक्टरने दोन ओळींत लिहिले होते की कारखान्यात मशीनमध्ये हात सापडला. ते डॉक्टर कोण होते हे आम्हांस पुढे कळलेही नाही, पण त्या दोन ओळी नसत्या तर काहीच नव्हते. हिशेब असा : पंधराशेचे साठ टक्के नऊशे, बावीस वर्षांचा गुणक २२१.३७, गुणाकार १,९९,२३३. चार बोटांचे पन्नास टक्के, म्हणजे ९९,६१६ रुपये आणि वर पन्नास पैसे. २००१ मध्ये व्याजासह हुकूम झाला. आम्ही पेढे वाटले.

पेढे वाटावयास नको होते. दावा आम्ही केवळ ठेकेदारावर लावला होता. ठेकेदारामार्फत काम करून घेणारा मूळ मालकही भरपाईस बांधलेला असतो, आणि त्याने ती दिल्यावर ठेकेदाराकडून वसूल करून घ्यावी, असे त्याच कायद्याच्या बाराव्या कलमात १९२३ पासून लिहिलेले होते. आम्ही ते वाचले होते. पण ठेकेदार समोर आहे, कामावर घेतल्याचे तो कबूलही करतो, मालक मोठा वकील उभा करील, मग त्यास कशाला ओढा, असा सोयीचा विचार केला. हुकूम झाला तोपर्यंत ठेकेदार गाव सोडून गेला होता. जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुलीचा दाखला निघाला, तो तहसिलात फिरला, आणि ठेकेदाराच्या नावे मालमत्ता नाही असा शेरा घेऊन परत आला. मग मालकाला ओढण्याची धडपड केली, पण मुदत केव्हाच उलटली होती. अखेर मालकाने पंचवीस हजार रुपये देऊ केले. मुलाच्या वडिलांनी विचारले, घेऊ का? आम्ही घ्या म्हणालो आणि साक्षीदार म्हणून सही केली. पाऊण लाखाचा तो खड्डा आमच्या हातचा आहे. तेव्हापासून कोणताही दावा आम्ही दोघांवर लावल्याशिवाय दाखल केला नाही.

शहापुरातून इगतपुरीकडे जाताना जुन्या रेल्वेच्या वाटेपासून फार दूर नाही असे सरळांबे गाव आहे. ३१ जुलै २०२३ च्या रात्री, १ ऑगस्ट लागल्यावर, समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसविणारे अवाढव्य यंत्र तेथे कोसळले. वीस माणसे मेली. मेलेल्यांत तामिळनाडूचे होते, उत्तर प्रदेशचे, बिहारचे, पश्चिम बंगालचे होते. या तालुक्यातल्या लोकांनी ती रात्र पाहिली आहे, तिचे वर्णन आम्ही करीत नाही. महामार्ग राज्याच्या महामंडळाचा, टप्प्याचे काम एका कंपनीकडे, गर्डर चढविण्याचे काम दुसऱ्या कंपनीकडे, माणसे आणखी कोणी आणलेली. थळ घाटाची ती उतरंड दीडशे वर्षांनी त्याच डोंगराच्या पायथ्याशी जशीच्या तशी उभी होती.

सकाळी राज्य सरकारने प्रत्येकी पाच लाख आणि पंतप्रधानांच्या निधीतून प्रत्येकी दोन लाख जाहीर झाले. हे साहाय्य आवश्यक होते आणि ते तत्परतेने जाहीर झाले, याबद्दल कोणास तक्रार असू नये. पण ते सानुग्रह होते. सानुग्रह म्हणजे कृपेने दिलेले. कायद्याची भरपाई ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मालकाच्या खिशातून येते. २०२० पासून भरपाईसाठी महिन्याचा पगार पंधरा हजारांपर्यंत धरला जाई. तीस वर्षांचा माणूस घ्या. पंधरा हजारांचे पन्नास टक्के साडेसात हजार, गुणक २०७.९८, गुणाकार १५,५९,८५०. वर्तमानपत्रात पाच लाखांचा आकडा मोठ्या अक्षरांत छापून येतो आणि साडेपंधरा लाखांचा आकडा कोठेच छापून येत नाही. गावाकडची विधवा मग समजते की सरकारने दिले, विषय संपला. वास्तविक तिला शहापुरास किंवा ठाण्यास यावेही लागत नाही. १९९५ च्या दुरुस्तीने वारसांना ते राहतात तेथेच दावा करण्याची मुभा मिळाली. मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्ताकडेच भरावयाची असते, असेही कायदा सांगे. मालकाचा माणूस घरी येऊन रोख देऊन गेला तर ते दिले असे धरले जात नसे. आमच्या पाड्यांवर हे सांगितले की लोक आश्चर्य करतात, कारण तेथे सगळे व्यवहार घरी येऊनच होतात.

आणखी एका गोष्टीत लोखंड्यांची मागणी अपुरीच राहिली. त्यांनी मागितली होती उपजीविकेची सोय. १९२३ च्या कायद्याने दिली ती एकगठ्ठा रक्कम. रक्कम आली की सावकार येतो, बहिणीचे लग्न निघते, घराला पत्रे हवेच असतात. दोन वर्षांत पैसा संपतो आणि तुटलेला हात तसाच राहतो. त्यांच्या शब्दाच्या जवळ गेली ती राज्य विमा योजना. प्राध्यापक बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये तिचा आराखडा दिला, १९४८ मध्ये कायदा झाला, १९५४ मध्ये ती नागपूर आणि मुंबईत आली. तिच्यात अपंग कामगाराला दरमहा आणि मेलेल्याच्या विधवेला दरमहा निवृत्तिवेतन मिळते. ही योजना जेथे लागू असते तेथे मालकावर वेगळा दावा चालत नाही, आणि आमच्या मते हा सौदा कामगाराच्या फायद्याचा आहे. युनियनमधले आमचे काही सोबती हे मान्य करीत नाहीत. भट्टीवरच्या माणसाला मात्र हा वाद परवडणारा नाही, कारण तो दोन्हींत नसतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात विलीन झाला. एकशे दोन वर्षांचे जुने घर पाडून नव्या इमारतीत एक खोली दिली, असे म्हणा. कलमांचे आकडे बदलले. आम्हांस पाठ असलेले बारावे कलम आता बारावे राहिले नाही, आणि या वयात पुन्हा पाठांतर आले. कामावर जाता-येतानाचा अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, भरपाईस पात्र, असे संहितेत स्पष्ट लिहिले आहे. हे चांगले झाले. जुन्या कायद्यात हे स्पष्ट नसल्याने काय होई ते पाहा. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार एप्रिल २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्याच्या अलीकडे पाच किलोमीटरवर अपघातात मेला. आयुक्तांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयाने काढून घेतली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा दिली जुलै २०२५ मध्ये. बावीस वर्षे. त्या काळात जिल्ह्याचे नावही बदलून धाराशिव झाले.

आमच्या दोन तालुक्यांत पहाटेच्या टेम्पोत उभे राहून कामाला जाणारी माणसे शेकड्यांनी आहेत. टेम्पो मुकादमाचा असतो, मुकादम ठेकेदाराचा असतो, आणि साइट कोणाची हे संध्याकाळी परत येतानाही त्यांतल्या पुष्कळांना सांगता येत नाही. चार बोटे गेलेला तो मुलगा आता पन्नाशीला आला. त्याचे नाक्यावर चहाचे दुकान आहे. डाव्या हाताने लिहावयास तो शिकला आहे. सकाळी टेम्पो भरतो तेव्हा शंभर पानी वहीत तो तारीख, गाडीचा नंबर, मुकादमाचे नाव, कोणत्या गावाला काम आहे ते, आणि चढलेल्यांची नावे लिहून ठेवतो. अक्षर वाचण्यास त्रास होतो. मुकादम लोक प्रथम हसले, मग एकाने वही हिसकावून घेतली. त्याने नवी घेतली. यांतली एक वही आम्ही एका दाव्यात पुरावा म्हणून हजर केली आहे. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी हरकत घेतली की हे हजेरीपत्रक नव्हे, चहावाल्याचे टिपण आहे. हरकतीवर पुढली तारीख पडली आहे.